फळ्यावर पांढरा हात मारणाऱ्यांना

दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर लातूर जिल्ह्यातल्या जळकोटात रंगकामं निघतात, आणि रंगारी घरात शिरला की पहिली गदा येते ती भिंतीवरच्या फळ्यावर. समोरच्या खोलीत, दाराशेजारी किंवा देवळीखाली, थोरल्या लेकरासाठी कधीकाळी रंगवलेला तीन-चार फुटांचा काळा चौकोन. त्याच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले की खोली उजळली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. हरकत घ्यावी तर उत्तर तयारच असतं: "आता कोण खडूनं लिहायलंय? लेकरायला मोबाईल दिलाय की." शिवाय धूळ होते, शिवाय भिंत विद्रूप दिसते, शिवाय पाहुणे काय म्हणतील. उदगीरला शिकवणी चालवणाऱ्या एका शहाण्या गृहस्थांनी तर मला ऐकवलं की घरातला फळा म्हणजे गरिबीची जाहिरात. टॅब घ्या, नाहीच परवडला तर निदान पांढरा बोर्ड घ्या.

या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. आपल्याकडच्या घरांतले बहुतेक फळे वाईट असतात. त्यांच्यावर खडू घसरतो, अक्षर उमटत नाही, पुसलं तर पांढरा फराटा राहतो. पण ही चूक फळ्याची नाही, तो ज्या पद्धतीनं रंगवला त्या पद्धतीची आहे. त्यावर सविस्तर बोलायचंच आहे. आधी मोबाईलचा निकाल लावू.

"मोबाईल दिलाय" म्हणजे कुणाचा? तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर कितीतरी घरांत धड म्हणावा असा फोन एकच. तो बापाच्या खिशात. बाप सकाळी बाहेर पडला की फोनही बाहेर पडतो. संध्याकाळी दोघं परत येतात तेव्हा रील बघणारे दोन-तीन जण आधीच रांगेत असतात, आणि लेकराच्या वाट्याला येते ती उरलीसुरली बॅटरी. बरं, फोन हातात आला असं धरून चालू. फोनमध्ये काय चाललंय हे फोन धरणाऱ्यालाच दिसतं. भिंतीवर काय लिहिलंय हे भाकरी थापणाऱ्या आईला दिसतं, दारात बसलेल्या आजोबांना दिसतं, चहाला आलेल्या शेजाऱ्यालाही दिसतं. सात सत्ते छप्पन्न लिहिलेलं पाहून कुणीतरी हसतं आणि पोरगं जीभ चावून दुरुस्त करतं. हे कुठल्याही ॲपमध्ये होत नाही.

आपल्या भागापुरती एक गोष्ट विशेष आहे. दिवाळी झाली की इथून, शेजारच्या मुखेड-कंधारकडून, ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, मागं राहिलेली लेकरं आजी-आजोबांच्या हवाली असतात. त्यांतल्या कितीतरी आज्यांना अक्षरओळख नाही. मोबाईलमध्ये नातू अभ्यास करतोय की गोळीबाराचा खेळ खेळतोय हे त्यांनी कसं ओळखावं? पण भिंतीवर काल होतं तेच आज आहे की नवं आहे, एवढं त्यांना नक्की दिसतं. "कालचंच हाय की रं हे, पुस आन् दुसरं लिही," हे सांगायला साक्षर असावं लागत नाही. ज्या घरात शिकवणारं कुणी नाही त्या घरात निदान बघणारं कुणीतरी असतं, आणि बघणाऱ्याला बघण्यासारखं काही हवं असेल तर ते भिंतीवरच हवं.

फळा फक्त लेकरांचा असतो असंही नाही. गॅसची टाकी कधी लावली ती तारीख, बचत गटाचा हप्ता, आजोबांच्या गोळ्या सकाळच्या किती आणि रात्रीच्या किती, दुधाचे खाडे. घरातली ही सगळी कारकुनी कॅलेंडरच्या चौकोनात कोंबून बसवणाऱ्यांना फळा अडगळ वाटतो, याचं मला नवल वाटतं.

आता "जुनाट" या आक्षेपाबद्दल. फळा ही वस्तू आपल्याकडे फार पूर्वीपासून घरोघर, शाळोशाळी होती आणि आता तिचा काळ संपला, असा समज दिसतो. तो साफ चूक आहे. पंतोजींच्या शाळेत होती ती धूळपाटी: लाकडी फळीवर धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, हात फिरवून मोडायचं. फळा ही पुढची गोष्ट, आणि तो सर्वांना मिळालाच नव्हता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली केंद्र सरकारला 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड', आपल्या भाषेत खडू-फळा मोहीम, काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि फळा-खडूसकट शिकवायचं किमान साहित्य मिळावं म्हणून. देशाला फळ्यासाठी मोहीम काढावी लागली, तीही चाळीसेक वर्षांपूर्वी. ज्या गोष्टीसाठी कालपरवा झगडलो तिला आज जुनाट म्हणून पांढरा रंग फासायचा, याला घाई म्हणतात.

बरं, त्यानंतरही फळा थांबला नाही. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून गुरुजी जाऊ लागले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून तळफळे दिसू लागले. भिंतीच्या खालच्या भागात, जमिनीवर बसलेल्या लेकराचा हात पोचेल इतक्या उंचीवर, खोलीभर फिरवलेला रंगाचा पट्टा. गुरुजींचा फळा वर, लेकरांचा खाली. या एका बदलानं फळा कुणाचा हा प्रश्नच पालटला. आजही तालुक्यातल्या शाळेत डोकावलं तर हे तळफळे दिसतात. काही जिवंत, काही झिजून तुळतुळीत झालेले. आणि शाळेत जे लेकरू भिंतीला टेकून लिहितं, त्याला घरी मात्र भिंतीला हात लावला की धपाटा.

मग आलं २०२०. शाळांना कुलूप, शिक्षण मोबाईलवर. मोबाईलवाल्यांचा सुवर्णकाळ म्हणावा असा हा काळ. त्या काळात काय झालं? सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारवस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाहिलं की बहुतेक लेकरांच्या घरी स्मार्टफोन नाही. त्यांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे, अक्षरं, सूत्रं, आकृत्या रंगवून घेतल्या. लेकरं गल्लीत फिरायची, भिंत वाचायची, वहीत उतरवायची. तिकडे पश्चिम बंगालात जामुरियाजवळच्या जोबा आट्टपारा या आदिवासी वस्तीत दीपनारायण नायक या शिक्षकानं एक पाऊल पुढं टाकलं. त्यानं घरांच्या भिंतींवर फळेच रंगवले. एकेका फळ्यासमोर एकेक लेकरू, मधे अंतर. पुढं पुढं लेकरांबरोबर त्यांच्या आया आणि आज्याही पाटी घेऊन बसू लागल्या. २०२३ साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या शेवटच्या दहांत त्याचं नाव होतं. मोबाईलचं राज्य चालू असताना ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांना भिंतीनं तारलं. उदगीरच्या गृहस्थांनी हे ऐकलं नसेल असं नाही. पण ज्या लातूर पॅटर्नच्या नावावर आज शिकवण्या चालतात, त्याचं नाव राज्यभर झालं तेव्हा वर्गात खडू-फळाच होता, हे तरी त्यांनी विसरू नये.

गरिबीच्या जाहिरातीचं उत्तर दोन ओळींत आटोपतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हल्ली मुलांच्या खोलीत मुद्दाम एक भिंत काळी करून घेतात, तिला 'चॉकबोर्ड वॉल' म्हणतात, आणि त्यासाठी सजावटकाराला पैसे मोजतात. कॅफेत कॉफीचे भाव खडूनं लिहिलेले असतात. तीच भिंत पुण्यात हौस आणि जळकोटात दारिद्र्य कशी?

धुळीचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडचा नेहमीचा स्वस्त खडू हा खरं म्हणजे चुनखडी नव्हे, तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे जिप्समचा असतो. तो ठिसूळ, म्हणून त्याची पूड उडते. 'डस्टलेस' म्हणून मिळतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, जड आणि घट्ट. त्याचीही पूड पडते, पण तरंगत नाही, खाली बसते. थोडा महाग असतो, पण टिकतो जास्त. घरासाठी तोच आणावा. पुसायला कोरडं डस्टर आपटत बसू नये, ओलसर फडकं घ्यावं. २०१६ साली या जिल्ह्यानं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं पाहिलंय, त्यामुळं पाण्याचं नाव काढलं की आपल्याला धडकी भरते. पण फळा पुसायला फडकं भिजवून पिळण्यापुरतंच पाणी लागतं. घरात कुणाला दमा असेल तर मात्र मी वाद घालणार नाही. त्या घरात खडू नको. बाकीच्यांनी धुळीचं भय सांगताना मंदसौर आठवावं. मध्य प्रदेशातल्या त्या गावात पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कारखान्यांत दगडाची धूळ खाऊन कामगार सिलिकोसिसनं दगावले. ती धूळ सिलिकाची होती, खडूची नव्हती, आणि ती खाल्ली मजुरांनी. त्या धुळीबद्दल पालक म्हणून आपण कधी अवाक्षर काढलं नाही. आता दिवाणखान्यातल्या चिमूटभर जिप्समनं आपल्याला खोकला येऊ लागलाय.

पांढरा बोर्ड घ्या म्हणणाऱ्यांनी त्याच्या पेनचं टोपण लेकरानं लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी काय होतं ते सांगावं. पेन वाळतं. ते भरायची शाई वेगळी आणायची, नाहीतर पेन उकिरड्यावर. आठवडाभर पुसायचं राहिलं तर अक्षरांची सावली बोर्डावर बसते, ती घालवायला पुन्हा स्पिरिट. खडूचा तुकडा बोटभर उरला तरी लिहितो, नखाएवढा उरला तरी लिहितो.

आता मुख्य गोष्टीकडे. फळ्याची बदनामी कुणी केली असेल तर ती चकचकीत ऑइल पेंटनं.

फळ्याचा रंग उडाला की आपण काय करतो? दारं-खिडक्या रंगवून उरलेला काळा ऑइल पेंट काढतो आणि फासतो. तो ओला असताना फार देखणा दिसतो. वाळला की त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि खडू त्याच्यावरून ओल्या फरशीवरून पाय जावा तसा जातो. मग लेकरू दाब देतं, खडू मोडतो, किर्र आवाज होतो, आजोबा ओरडतात, आणि चार दिवसांत सगळ्यांचं एकमत होतं की फळा काही कामाचा नाही.

खडू उमटतो तो रंगावर नाही, खरखरीवर. पृष्ठभागावर बारीक बारीक टोकं असतात, ती खडूला खरवडतात आणि ती पूड तिथं अडकून राहते. तिलाच आपण अक्षर म्हणतो. फळ्यासाठी जो वेगळा 'ब्लॅकबोर्ड पेंट' मिळतो त्यात तेला-राळेच्या मानानं भुकटीचा अंश जास्त असतो, त्यामुळं वाळल्यावर ती भुकटी वर डोकावते आणि रंग मंद, बिनचकाकीचा राहतो. ऑइल पेंटमध्ये नेमकं उलटं: भुकटी आत बुडते, वर काचेसारखा थर येतो. लोखंडी दरवाजाला तो गुण आहे, फळ्याला अवगुण. रंग काळाच असावा असंही काही नाही. हिरवा चालतो, डोळ्याला बराही वाटतो. मंद असला म्हणजे झालं.

म्हणून फळा पांढुरका दिसायला लागला की तो रंगवायला आला, हाही गैरसमज. पांढुरका फळा ओल्या फडक्यानं पुसला की बहुतेक वेळा काळा होतो. खरं दुखणं चकाकीचं. संध्याकाळी दिवा लावून फळ्याकडे तिरकं पाहा. मधला भाग, जिथं सगळ्यात जास्त लिहिलं-पुसलं जातं, तिथं उजेड चमकत असेल तर तिथली खरखर झिजली. कडेला जुनीच खरखर असते, मधे आरसा. तो फळा रंगवायला आला.

त्यावर थेट ब्रश लावला तर पैसे पाण्यात. आपल्या घरांत एक खास गोष्ट असते, ती कुठल्याही रंगाच्या डब्यावर लिहिलेली नसते. लेकरं भिंतीला डोकं टेकून बसतात, आणि त्या डोक्याला आईनं सकाळी चापून खोबरेल लावलेलं असतं. भिंतीवर, बसलेल्या लेकराच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा एक तपकिरी पट्टा उमटलेला असतो. आणि फळाही लेकरांसाठी नेमका तिथंच हवा असतो. तेलावर कुठलाही रंग धरत नाही. आठ दिवसांत त्याची खपली निघते. म्हणून आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ती जागा घासून धुवायची, साध्या पाण्यानं पुसायची, दोन दिवस वाळू द्यायची. भिंतीवर साधा डिस्टेंपर असेल तर तो खरवडून काढायचा, कारण त्याच्यावर केलेला फळा डिस्टेंपरसकट सुटून येतो.

मग घासणं. जुना ऑइल पेंट असेल तर त्याची चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासायचं. इथं एक सावधगिरी, आणि ती मी आग्रहानं सांगतो. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर आणा, पाणी लावून घासा, लगदा फडक्यानं उचलून टाका, तोंडाला रुमाल बांधा आणि लेकरांना तेवढा वेळ मामाच्या घरी पाठवा. खडूच्या धुळीनं घाबरणारी मंडळी रंगकामाच्या वेळी लेकरांना त्याच खोलीत खेळू देतात, हे मी पाहत आलोय.

खड्डे लांबी भरून बुजवायचे, पुन्हा हलकं घासायचं, प्रायमरचा एक हात द्यायचा. मग ब्लॅकबोर्ड पेंट. पातळ दोन हात, जाड एक हात नव्हे. पहिला उभा, तो रात्रभर वाळला की दुसरा आडवा, म्हणजे ब्रशचे ओरखडे एका दिशेला राहत नाहीत. चार फूट बाय तीन फुटांच्या फळ्याला दोन हात द्यायला पाव लिटर रंग पुरतो, कारण लिटरभर रंगाचा एक हात साधारण शंभर चौरस फुटांना पुरेसा होतो. रंग, पेपर, ब्रश सगळं धरून खर्च मोबाईलच्या महिन्याच्या रिचार्जच्या आसपास येतो. तो रिचार्ज दर महिन्याला मारताना कुणी हिशेब मांडत नाही, ही आपली गंमत.

रंग हाताला कोरडा लागला म्हणून लगेच लिहायला बसायचं नाही. तीन दिवस थांबायचं. आणि नंतरही पहिलं काम लिहिणं नव्हे. खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा, सगळा, कोपऱ्यांसकट, आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. त्यानं खरखरीच्या खाचा खडूच्या पुडीनं आधीच भरून निघतात. हे केलं नाही तर पहिलं जे लिहिलं जाईल ते त्या कोऱ्या खाचांत जाऊन बसतं आणि कायमचं पुसट दिसत राहतं. एका घरी मी फळ्यात कायमचं बसलेलं 'श्री गणेशाय नमः' पाहिलंय. घरच्यांना ते शुभ वाटतं, म्हणून मी गप्प बसलो.

जे लोक फळ्याच्या बाजूनं बोलतात पण विकतच्या रंगाला नाकं मुरडतात, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. "आमच्या वेळी आम्ही टॉर्चचे सेल फोडून त्यातली काळी पूड काढायचो, पाला वाटून त्यात कालवायचो आणि फळा असा काळाभोर करायचो," हे कौतुकानं सांगणारे मास्तर आणि मामा अजून आहेत. आठवण गोड असेल, पद्धत नाही. सेलमधली ती पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन, वर क्षारांचा ओलावा. मँगनीजची धूळ श्वासावाटे आत जाणं मज्जासंस्थेला वाईट. तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून ते चाललं. आता जळकोटात, नाहीतर उदगीर-अहमदपूरच्या हार्डवेअरच्या दुकानात, तयार डबा मिळतो. तो नसेल तर घरी करता येतो: पाण्यात मिसळणारा मंद काळा रंग वाटीभर, त्यात टाइल्सच्या फटी भरायची बिनवाळूची पावडर दोन मोठे चमचे, गुठळी न राहता ढवळून. लगेच वापरायचा, ठेवला तर घट्ट होतो. तोही चालतो. सेल फोडायची गरज नाही.

"आमची भिंतच धड नाही," हा पुढचा आक्षेप, आणि आपल्या भागात तो खरा आहे. माळवदाच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती, खाली ओल, पोपडे सुटलेले. पत्र्याच्या खोल्या, त्यांच्यावर थेट रंग धरत नाही आणि उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसतो. भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नाही, फळा कुठला रंगवू देतोय! पण फळा भिंतीवरच हवा असं कुणी सांगितलं? सुताराकडून प्लायवूडचा उरलेला तुकडा आणा. एका बाजूनं घासा, कडांनाही रंग द्या म्हणजे ओल शिरणार नाही, वर दोन भोकं पाडून सुतळी ओवा. ऊसतोडीला जाताना तो गाडीत टाकून पालावरही नेता येतो. किंवा स्वयंपाकाच्या ओट्याला लावून उरलेल्या कडप्प्याचा तुकडा मागच्या अंगणात पडलेला असतो. त्याची पॉलिश न केलेली बाजू वर करा. तिला रंगही लागत नाही. मातीच्या भिंतीवरच हवा असेल तर फळ्यापुरता चौकोन सिमेंटनं गिलावा करून घ्या, पण खालून ओल येत असेल तर चौकोन वर सरकवा. ओलीवर रंग टिकत नाही, मग तो कुणीही मारो.

पाटीचंही तसंच. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो, एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतो, झेंडू वाहतो. आणि ती पाटी पत्र्याची असते, तिच्यावरचा काळा रंग इतका उडालेला असतो की सरस्वतीचे पाय पत्र्यावर आणि डोकं रंगावर. फळ्यासाठी आणताना रंग थोडा जास्त आणला तर त्यात अशा तीन-चार पाट्या सहज होतात. पत्रा घासायचा, प्रायमर, दोन हात. एक पथ्य: रंगवलेल्या पाटीवर खडूनंच लिहायचं. दगडी पेन्सिल तो रंग ओरखडून काढते.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मानाचा वाटतो, कारण तो एका आईनं घेतला होता. "फळ्यावरचं पुसलं जातं. वहीत लिहिलेलं राहतंय. मग वहीत का लिहू नये?" वहीत लिहावंच. पण पुसलं जाणं ही फळ्याची खोट नाही. वहीत चुकलं की खाडाखोड दिसते, गुरुजींचा लाल पेन दिसतो, पान फाडलं तर त्याच्या जोडीचं पान सुटतं आणि बोलणी बसतात. म्हणून कच्चं लेकरू वहीत जपून लिहितं, येतं तेवढंच लिहितं. भागाकार अडला की तिथंच थांबतं. फळ्यावर तेच लेकरू चुकीचा भाग लावून बघतं, बाकी जास्त आली की अर्धी ओळ तळहातानं पुसतं, पुन्हा लावतं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. चार वेळा चुकून पाचव्यांदा बरोबर आलेला तो भागाकार मग वहीत जातो. वहीला नीटनेटकं ठेवायचं असेल तर चुका करायला घरात दुसरी जागा ठेवावी लागेल. ती जागा तुमच्या भिंतीवर आधीपासून आहे. यंदा रंगारी आला की त्याला तेवढा चौकोन सोडायला सांगा. आणि तुमच्या घरच्या रंगकामातला वॉटर पेपर उरला असेल तर तो फेकू नका, पाणी लावून त्याच चौकोनावर चालवा.